अंड्याला कोंबडा लागत नाही

फौजदार मावशींना कुणी "हे कशाला करता?" असं विचारलं, की त्या ते काम दुप्पट करायच्या. परसात पहिल्या दोन कोंबड्या आल्या तेव्हा त्यांच्या दिरांनी, म्हणजे गल्लीच्या अण्णांनी, नेमकं हेच विचारलं. पुढच्या आठवड्यात कोंबड्या चार झाल्या. अण्णा आवाज चढवून बोलले, तर सहा झाल्या आणि जोडीला एक तुरेबाज कोंबडाही आला.

मावशींच्या घराण्यात फौजदार कुणी नव्हता. यजमान भाताच्या गिरणीत हिशेबनीस होते, अगदी मऊ स्वभावाचे. मावशी मात्र कमरेवर हात ठेवून, समोरच्याच्या डोळ्यांत बघत बोलायच्या, म्हणून गल्लीनं त्यांना हे नाव दिलं होतं. नव्वदच्या आसपास आम्ही पनवेलला राहायला आलो. नवरा तळोज्याच्या एका कारखान्यात लागला होता. आमच्या घरामागं थोडी मोकळी जागा होती आणि तिच्या कुंपणापलीकडं मावशींचं परस. घराचे दोन भाग झालेले, पुढचा अण्णांचा, मागचा मावशींचा. यजमान जाऊन दोन वर्षं होत आली होती. दोन्ही मुलं पुण्याला.

घर शुद्ध शाकाहारी. मावशी अंड्याला शिवायच्या ते फक्त उचलून टोपलीत ठेवण्यापुरत्या. अण्णांचा मुख्य मुद्दाही तोच होता. "वहिनी, आपल्यात कुणी खात नाही, मग पाळायच्या कशाला?"

"यांनी जन्मभर इथे गुलाब लावले, भाऊजी. ते कोण खात होतं?" मावशी म्हणाल्या. अण्णा चपला वाजवत निघून गेले.

खरं तर त्या पहिल्या दोन कोंबड्या हिराबाईंच्या. हिराबाई खाडीकाठच्या गव्हाण गावाहून रोज भाजी घेऊन यायच्या आणि दुपारी मावशींच्या ओट्यावर पाठ टेकायच्या. मुलीच्या लग्नाच्या गडबडीत त्यांनी दोन कोंबड्या मावशींकडं ठेवल्या आणि लग्न झाल्यावर त्या परत नेल्या नाहीत. "मावशी, तुमाला सोबत हाय त्यांची. ऱ्हाऊंदे," म्हणाल्या. घरात बोलायला कुणी नव्हतं, तेव्हा मावशी त्या कोंबड्यांशी बोलायला लागल्या होत्या, हे हिराबाईंनी पाहिलं होतं.

मावशींचं बघून मलाही हौस आली. मी कुंपणापाशी जाऊन तसं सांगितलं, तर त्यांनी माझ्या मोगऱ्याकडं आणि कोथिंबिरीच्या वाफ्याकडं बोट दाखवलं. "नलू, आधी ठरव. बाग पाहिजे की कोंबड्या?" मला वाटलं, दोन्ही जमेल, आणि मी कोंबड्या आणल्या. चार दिवसांत वाफ्याची माती अंगणभर झाली आणि मोगऱ्याची मुळं उघडी पडली. मावशी कुंपणावरून बघत होत्या, पण "सांगितलं होतं" असं म्हणाल्या नाहीत. जुन्या मच्छरदाणीचा तुकडा माझ्याकडं फेकला आणि म्हणाल्या, "झाडांना कोंड, कोंबड्यांना नको."

कोंबडी एकटी ठेवायची नाही, हे त्यांचं पहिलं सांगणं. "एकटी ठेवलीस तर ती झुरते. माणसासारखं बोलूनही दाखवत नाही." दुसरं खुराड्याचं. माझ्या नवऱ्यानं खोक्याला बारीक तारेची जाळी ठोकून मोठ्या अभिमानानं खुराडं बनवलं होतं. मुंगसानं एका कोपऱ्यातून ती जाळी फाडली आणि सकाळी नुसती पिसं उरली. मी रडत होते. मावशींनी वाकून ते भोक बघितलं. "ही जाळी कोंबडीला आत ठेवायला ठीक आहे. मुंगसाला बाहेर ठेवायला फळी लागते आणि दाराला कडी. उठ. रडून कडी बसत नाही." संध्याकाळपर्यंत आम्ही दोघींनी मिळून फळ्या ठोकल्या. माझा अंगठा ठेचला, त्यावर त्यांनी हळद लावली, पण काम थांबवू दिलं नाही. त्या खुराड्यात मग माझ्या नव्या कोंबड्या आल्या.

खुराड्यात त्या भाताचं तूस अंथरायच्या. यजमानांच्या जुन्या गिरणीतून पोतं आणायला स्वतः जायच्या आणि तिथल्या लोकांना खडसावून कोरडंच तूस घ्यायच्या. "वास कोंबडीचा नसतो, ओलाव्याचा असतो. शेजाऱ्यानं नाक धरलं तर समजायचं, आपण आळस केला." परसाच्या कोपऱ्यात राख आणि मातीचा ढीग असे. त्यात कोंबड्या पंख पसरून लोळायच्या. मावशी त्याला न्हाणीघर म्हणायच्या. हिराबाई खाडीवरून शिंपले आणायच्या. ते खलबत्त्यात कुटून मावशी कोंबड्यांपुढं टाकायच्या, म्हणजे अंड्याचं कवच पातळ होत नाही. एखादी खुडुक होऊन बसली, अंडी द्यायची थांबली आणि हात लावला की अंगावर यायला लागली, तर मावशींना तिचं फार कौतुक. "तिला उठवू नकोस. ती संपावर आहे."

अंडी गल्लीतल्या बाळंतिणींकडं आणि पोराटोरांकडं जायची. हळूहळू सगळ्यांच्या सवयीचं झालं. फक्त अण्णांच्या झालं नाही. शेवटी त्यांनी तक्रार केली, की कोंबडा पहाटे आरवतो, त्यानं झोपमोड होते. एके दिवशी नगरपालिकेचा एक माणूस चौकशीला आला. भला होता. परस बघितलं, खुराडं बघितलं, वास घेतला. म्हणाला, "स्वच्छ आहे सगळं. तो कोंबडा तेवढा हलवा, आजी."

मला वाटलं, आता मावशी कंबर कसून भांडणार. त्यांनी फक्त "बरं" म्हटलं आणि त्याच दुपारी कोंबडा हिराबाईंच्या पाटीत बसून गव्हाणला गेला. अण्णा खूश झाले. कोंबडा गेला म्हणजे अंडी बंद, आणि अंडी बंद म्हणजे कोंबड्या जाणार, असा त्यांचा हिशेब होता. खरं सांगायचं तर अर्ध्या गल्लीचा तोच समज होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी हातात टोपली घेऊन मागच्या बोळातून पुढं आल्या. अण्णा व्हरांड्यात पेपर वाचत होते. मी दूध घेऊन परतत होते, ती तिथंच थांबले.

"भाऊजी, बघा. पाच आहेत, ताजी आहेत," मावशींनी टोपली त्यांच्या पेपरावर ठेवली. "अंड्याला कोंबडा लागत नाही. पिल्लाला लागतो. घरातला पुरुष गेला म्हणून बाईचं सगळं थांबतं, असं वाटलं होतं तुम्हाला?"

अण्णांनी टोपलीखालून पेपर ओढून घेतला, घडी केला आणि ते आत गेले.

पण मावशींनाही एकदा फटका बसला, आणि तो त्यांच्याच हातून. नवी कोंबडी आणली की आधी दोन-तीन आठवडे वेगळी ठेवायची, असं त्या मला बजावायच्या. मात्र उरणच्या बाजारात एक काळी कुळकुळीत कोंबडी त्यांना इतकी आवडली, की घरी आणून त्यांनी ती थेट बाकीच्यांत सोडली. थोड्याच दिवसांत मानमोडी आली. कोंबड्या माना वाकड्या करून गोल गोल फिरायला लागल्या. गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, आता लस देऊन उपयोग नाही, ती आधी द्यायची असते. एकेक करून सगळ्या गेल्या. मावशींनी मला कुंपणाच्या पलीकडं जाऊ दिलं नाही. "तुझ्या वाचल्यात ना, मग तिकडेच राहा." एकटीनं खड्डा खणला, चुना टाकला, मग पायरीवर बसून राहिल्या. त्यांना कमरेवरचे हात सोडून बसलेलं मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.

अण्णा आले. आवाज मऊ होता. "वहिनी, आता इथे एकटीनं काय करायचं? पुण्याला जा मुलांकडे."

"यांच्या तेराव्यालाही तुम्ही हेच म्हणाला होतात," मावशी म्हणाल्या. "तेव्हा मी जवळजवळ गेलेच होते. बॅग भरली होती. मग हिरानं त्या दोघींना आणून ठेवलं. त्यांना दाणे कोण घालणार, म्हणून राहिले." मावशींनी माझ्याकडं वळून कुंपणापलीकडून मोठ्यानं सांगितलं, "नलू, चूक माझी होती. काळ्या कोंबडीला दोष देऊ नकोस."

खुराडं धुऊन, चुना मारून त्यांनी दोन-अडीच महिने रिकामं ठेवलं आणि मग पुन्हा चार तलंगा, अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या, आणल्या. या वेळी आधी लस टोचून घेतली.

पुढं पनवेलात जुनी घरं पाडून इमारती उभ्या राहायला लागल्या. अण्णा आणि मावशींची मुलं, तिघांचं ठरलं. मावशींच्या नावावर तिसऱ्या मजल्यावर एक ब्लॉक मिळणार होता. मावशी ब्लॉक बघून आल्या. मुलांना म्हणाल्या, "छान आहे. तुम्ही सुट्टीला येऊन राहा. मी नाही राहणार. पायाखाली माती नसेल तर कोंबडी राहत नाही, आणि मीही नाही."

"मग जाणार कुठे, आई?" थोरल्यानं विचारलं.

उत्तर ओट्यावरून हिराबाईंनी दिलं. "आमच्याकडं. खोली हाय, आंगन हाय. आमच्याकडं कोंबरी पाळायला कोनाला इचारायला लागत नाय."

मुलं हसली. त्यांना ती थट्टा वाटली. मावशी मात्र खरंच गेल्या. एसटी स्टँडवर पोचवायला मी होते. दोन पिशव्या आणि कापडानं झाकलेलं कोंबड्यांचं डालं, एवढंच सामान. कंडक्टर दारात आडवा आला. "आजी, कोंबड्या घेऊन कुठं?"

"त्या पण गव्हाणलाच चालल्यात. तिकीट फाड त्यांचं," मावशी म्हणाल्या आणि त्याच्या हाताखालून वर चढल्या. गाडी सुटली तेव्हा मी हात हलवला. त्यांचं लक्ष डाल्यावरच्या कापडाकडं होतं.

गव्हाणला त्या साताठ वर्षं राहिल्या. मी अधूनमधून जायचे. गावातल्या सुनांना कोंबड्यांना लस टोचून घ्यायला लावून त्यांनी वैताग आणला होता. हिराबाईंच्या घरात एका चुलीवर मासळी शिजायची आणि दुसऱ्या चुलीवर मावशींचं वरण. त्यावरून दोघी रोज भांडायच्या आणि मग एकाच ओट्यावर बसून जेवायच्या.

मावशी झोपेतच गेल्या. निरोप मिळाल्यावर मी पहिल्या गाडीनं पोचले. अण्णा आधीच आले होते, मागोमाग मुलंही आली. पनवेलला नेऊन सगळं करू, असं अण्णा म्हणत होते. गावच्या बायका ओट्यासमोर दाटीनं उभ्या राहिल्या. "नेनार कुटं?" त्यांतली एक म्हणाली. "ती आमची हाय." अण्णांनी मुलांकडं पाहिलं, मुलांनी मान खाली घातली. सगळं गव्हाणलाच झालं.

त्या गर्दीत हिराबाई मावशींच्या डोक्याशी बसून होत्या. मध्येच डोळे पुसून उठल्या, माणसांतून वाट काढत मागं गेल्या आणि खुराड्याची कडी काढली. अण्णांच्या कपाळाला आठी पडली. "बाई, घरात प्रेत आहे. आत्ता हे कशाला?"

कोंबड्या एकामागून एक अंगणात आल्या, पंख झाडत, माणसांच्या पायांतून. हिराबाईंनी कमरेवर हात ठेवले.

"मानूस आमचं गेलंय," त्या म्हणाल्या. "त्यांना सकाल झालीय."