डोंगरावरचा माणूस हसला होता का?

आयर्लंडच्या कॉर्क परगण्यातल्या ड्रमकारा गावात केस कापून घ्यायचे असोत की कुणाची पिसं काढायची असोत, दोन्ही कामं फिनबार कोटरच्या सलूनमध्येच व्हायची. पोप, पाऊस, हर्लिंगच्या सामन्यातला पंच, तिथे कुणालाही माफी नव्हती. बंदी फक्त एका विषयाला: यादवी. इंग्रज निघून गेल्यावर त्यांच्याशी केलेल्या तहाच्या बाजूचे आणि तहाच्या विरोधातले आयरिश एकमेकांवर तुटून पडले, त्याबद्दल खुर्चीत बसून चकार शब्द काढायचा नाही. हा नियम फिनबारच्या बापाचा, जेर कोटरचा.

नियमाला कारण होतं. एकोणीसशे बावीस साली तहाच्या फौजेचा सेनापती मालाकी रूआन गावाबाहेरच्या खिंडीत गोळी लागून पडला, त्या संध्याकाळी वरच्या डोंगरावर बंदुका घेऊन दबा धरलेल्यांत जेर होता. हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं आणि कुणी कधी बोललं नव्हतं. दरवर्षी त्या तारखेला जेर सलूनला फळ्या लावायचा, आणि त्या दिवशी गावात कुणाचेच केस वाढलेले नसत. एरवी रूआनचे कट्टर भक्तसुद्धा जेरच्या वस्तऱ्याखाली गळा उघडा टाकून बसत. शहरातले शिकलेले लोक याला ढोंग म्हणतात. म्हणोत. ज्यांना एकाच गल्लीत जन्म काढायचाय, एकमेकांच्या शवपेट्यांना खांदा द्यायचाय, त्यांनाच कळतं की तोंड मिटून ठेवायलाही छाती लागते.

जेर मेला, फिनबारनं कात्री उचलली, नियम तसाच राहिला. मग चौऱ्याण्णव साली रूआनवरचा सिनेमा आला. डब्लिनहून नाही, परदेशी पैशातून. चर्चच्या हॉलमध्ये आठवडाभर रोज खेळ, आणि गाव लोटलं. फिनबार तेवढा गेला नाही. पण सिनेमाच त्याच्याकडे चालत आला.

"अरे, हिरोची बोली ऐकलीस? आमची गायसुद्धा याच्यापेक्षा बरं कॉर्कचं बोलते!"

"आणि ते चुंबन! माझी म्हातारी जपमाळ काढून बसली. तीन फेरे झाले तरी संपेना."

"आमच्या पुतण्याला सिनेमाच्या कंपनीनं शूटिंगसाठी डोंगरावर बंदूक देऊन पालथं पाडलं. सगळं घराणं रूआनचं, आणि हा पठ्ठ्या त्याच्यावरच गोळ्या झाडतोय! आई बोलत नाही त्याच्याशी."

सगळे खदखदून हसले. त्या हसण्याच्या भरात टपालवाला मॉसी बोलून गेला, "पण तो गोळी घालणारा... काय नासका माणूस दाखवलाय! दारू ढोसतो, थुंकतो, आणि रूआन पडल्यावर दात काढून हसतो..."

पुढचा शब्द त्यानं गिळला. सलूनमध्ये नुसती कात्री वाजत राहिली.

रात्रीच्या जेवणाला फिनबारनं कोबी-मांसाच्या ताटाला हातही लावला नाही. बायको ब्रीदा म्हणाली, "जाऊन बघून ये एकदा. न बघता जळण्यापेक्षा बघून जळ."

"मी जळत नाहीये."

"हो ना, मग हा धूर चुलीचाच असेल."

शनिवारी दोघं गेली. डोंगरावरचा माणूस पडद्यावर आला आणि फिनबारनं खुर्चीचे हात घट्ट धरले. त्याच्या बापानं जन्मात थेंब घेतला नव्हता. दारू न पिण्याच्या शपथेचा बिल्ला त्याच्या कोटावर शवपेटीतसुद्धा होता. पडद्यावरचा माणूस बाटली तोंडाला लावत होता. मग तो हसला. लोक हळहळले, बायका रडल्या.

खेळानंतर शाळेच्या बाईंनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "कुणाला काही मत मांडायचंय?" हात वर न करताच फिनबार उभा राहिला. ब्रीदानं कोट ओढला, त्यानं सोडवून घेतला.

"तो डोंगरावरचा माणूस माझा बाप होता," तो म्हणाला. "त्यानं केलं ते बरोबर होतं असं मी म्हणत नाही. पण तो हसला नव्हता. एवढंच."

माणसं टोप्या घालून निघून गेली. उद्याच्या प्रार्थनेला भेटू, असंही कुणी म्हणालं नाही.

मंगळवारी सलूनमध्ये कुणी आलं नाही. बुधवारीही नाही. फिनबारनं घासलेला आरसा पुन्हा घासला. बापानं घालून दिलेलं, सत्तर वर्षं सांभाळलेलं मौन त्यानं एका दमात मोडलं होतं, आणि आता ही खुर्ची रिकामीच राहणार, हे त्याला दिसत होतं.

गुरुवारी बॅटी क्रीडन आला. याचा बाप त्या संध्याकाळी रूआनची मोटार चालवत होता. बॅटी खुर्चीत बसला, आरशातून बघत म्हणाला, "मला आवडला सिनेमा. रडलो मी."

"रडणारच तू."

"माझा बाप रूआनचं डोकं मांडीवर घेऊन बसतो, तिथे रडलो. आणि माझा बाप दर शनिवारी तुझ्या बापाकडे दाढीला यायचा. एकदा विचारलं त्याला, तिथेच का? तर म्हणाला, पलीकडच्या गावातला सलूनवाला फार बोलतो."

फिनबारला हसू आलं, ते त्यानं दाबलं. कापड बॅटीच्या गळ्याभोवती बांधलं.

"आता सांग," बॅटी म्हणाला, "तुझा बाप हसला नाही, हे तुला कसं ठाऊक? तो बोलला कधी?"

फिनबारला रागानं काहीतरी फेकून मारावंसं वाटलं. आणि मग कळलं की फेकायला काहीच नाही. फळ्या लावलेल्या त्या दिवसांत बाप मागच्या खोलीत एकटा बसायचा. आत रडायचा, झोपायचा की भिंतीकडे बघत राहायचा, पोरानं कधी दार लोटून पाहिलं नव्हतं. नियम गिऱ्हाइकांसाठी होता, पण घरानंही तो पाळला होता.

"नाही," तो म्हणाला. "नाही ठाऊक. हॉलमध्ये बोललो ते मला हवं होतं म्हणून."

बॅटीनं कापडाखाली हात चोळले. "माझ्या बापानंही काही सांगितलं नाही, फिनबार. डोकं मांडीवर घेतलं होतं की गाडीखाली तोंड लपवून पडला होता, देवाला माहीत. पडद्यावर बघितलं आणि म्हटलं, असंच असू दे."

फिनबारनं कात्री चालवायला घेतली. तेवढ्यात दार उघडून मॉसी आत डोकावला, दोघांचे चेहरे पाहून घाबरला आणि पाय मागे घेऊ लागला.

"ये, मॉसी, बस," फिनबार म्हणाला. "डोंगराचंच चाललंय. तुझ्या बापानं काही सांगितलं होतं का तुला?"