आमच्या घरी सगळे फिट आहेत

सरकारी कागदानुसार माझ्या आईला कसलाही त्रास नाही. ती लादी पुसते, ओल्या चादरी पिळते, स्टुलावर चढून पंखा पुसते आणि गॅसचं सिलिंडर एकटीने सरकवते. हे वाचून मला तिचा अभिमानच वाटला असता. अडचण एवढीच, की आईला सहा वर्षांपासून संधिवात आहे, तिच्या बोटांची मूठ होत नाही, आणि वर लिहिलेली सगळी कामं मी करतो. (पंखा सोडून. आमच्या घरात पंखा कुणीच पुसत नाही. तो कागदावरच स्वच्छ आहे.)

हा कागद भरला माझ्या बाबांनी, तोही प्रेमाने.

आधी थोडं सांगायला हवं. आम्ही दुबईत अल कुसैसला एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहतो. बाबा जबल अलीच्या एका गोदामात स्टोअरकीपर आहेत. पहाटे पाचला त्यांची कंपनीची बस येते, त्यामुळे सकाळचं घर माझ्या ताब्यात असतं. भांडी, लादी, कपडे, भाजी चिरणं आणि आईची वेणी. वेणी मला आता बरी जमते. पण माझा पहिला तास आठ वाजता असतो आणि तिथे वेणीचे मार्क मिळत नाहीत. दुसऱ्या सेमिस्टरला कॉलेजचं पत्र आलं, की हजेरी अशीच राहिली तर परीक्षेला बसता येणार नाही. आमच्या दोन्हीकडच्या खानदानात कॉलेजचं तोंड पाहिलेला पहिला माणूस मी. (बाबा दहावी, आई नववी.) आणि तो माणूस लादीमुळे नापास होणार होता.

ते पत्र मी घरी दाखवलं नाही. वरच्या मजल्यावरच्या फिलू काकूंना दाखवलं. त्या वसईच्या, एका दवाखान्यात रिसेप्शनला असतात आणि दुबईत कुठे काय मिळतं हे त्यांना ठाऊक असतं. त्यांनी सांगितलं की सरकारी खर्चाने चालणारी एक योजना आहे. अपंग माणसाच्या घरी आठवड्यातून एक-दोन दिवस बाई पाठवतात, ती घरकाम करते, शिवाय बाथरूममध्ये धरायला दांडा बसवून देतात. फक्त फॉर्म भरायचा आणि काय जमत नाही ते खरं खरं लिहायचं.

मी फॉर्म छापून आणला, वर आईचं नाव लिहिलं आणि कॉलेजला गेलो. हीच माझी पहिली चूक. रविवारी बाबांना तो टेबलावर दिसला. पोराला तेवढीच मदत म्हणून त्यांनी उरलेला सगळा फॉर्म स्वच्छ अक्षरात भरला आणि सोमवारी पाठवूनही दिला. लादी पुसता येते का? हो. कपडे पिळता येतात का? हो. जड वस्तू उचलता येते का? हो. चाळीस प्रश्न होते, चाळीस वेळा हो. दोन आठवड्यांनी उत्तर आलं: अभिनंदन, आपल्याला मदतीची गरज नाही.

मी बाबांना विचारलं, "तुम्ही सगळीकडे हो का लिहिलंत?"

"मग 'नाही' लिहू? सरकारी कागदावर?"

हे कळायला बाबांची इथली सव्वीस वर्षं कळायला हवीत. इथे व्हिसा नवा करायचा म्हणजे मेडिकल. रक्त द्यायचं, छातीचा एक्सरे काढायचा आणि मग 'फिट' असा कागद येतो. तो येईपर्यंत बाबा घरात हळू आवाजात बोलतात. ते लेबर कँपमध्ये राहत होते तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या माणसाच्या एक्सरेवर डाग निघाला आणि काही दिवसांत त्याला गावी परत पाठवलं, ती खाट रिकामी झाली. तेव्हापासून आमच्या घरी कुणी आजारी पडत नाही. ताप आला तर 'एसी लागला'. खोकला आला तर 'धूळ आहे'. आईची बोटं वाकडी व्हायला लागली तेव्हा दोन वर्षं तिचा 'हात अवघडला' होता.

मी समजावून सांगितलं, की ती तपासणी पसरणाऱ्या रोगांची असते, संधिवात पसरत नाही, आणि हे ऑफिसच वेगळं आहे.

"तू डॉक्टर आहेस?"

"नाही. बीबीएला आहे."

"मग गप्प."

मी गप्प बसलो नाही. (म्हणजे घरात बसलो, कागदावर नाही.) फेरविचाराचा अर्ज लिहिला, आईच्या हातांचे फोटो लावले, डॉक्टरांचे रिपोर्ट लावले आणि बत्तीस पानांची फाइल केली. तिकडून फोन आला की मंगळवारी एक मॅडम घर बघायला येतील आणि त्यांनी लिहिलेलंच शेवटचं धरलं जाईल.

घर बघायला येणार! एवढंच वाक्य आईने ऐकलं. योजना, फेरविचार, हजेरी सगळं बाजूला राहिलं आणि घरात लग्नघराची साफसफाई सुरू झाली. म्हणजे आई खुर्चीत बसून बोट दाखवायची आणि मी घासायचो. तीन दिवस मी टाइल्सच्या फटी दात घासायच्या ब्रशने घासल्या. त्या तीन दिवसांत माझे आणखी चार तास बुडाले. हजेरी वाचवण्यासाठी बुडवलेले तास कुठल्या खात्यात धरायचे, हे मला अजून कळलेलं नाही.

माझी मोठी चूक यापुढची आहे. आमच्या घरात आईसाठी बऱ्याच युक्त्या केलेल्या आहेत. कपाटांच्या कड्यांना जुन्या नाड्यांचे फास बांधलेले असतात, त्यात मनगट अडकवून ती दार ओढते. लाटण्याला फडकं गुंडाळून जाड केलेलं असतं. सिंकपुढे प्लास्टिकची खुर्ची असते. आणि घरातल्या एकाही डब्याचं झाकण कधी दाबून लावायचं नाही, नुसतं वर ठेवायचं, हा आमच्याकडे कायदा आहे.

आई म्हणाली, "हे असलं भिकारपण बाहेरच्या बाईला दाखवायचं?"

मला ते पटलं! कॉलेजात शिकणाऱ्या, बत्तीस पानांची फाइल करणाऱ्या माणसाला ते पटलं. मी स्वतःच्या हाताने नाड्या सोडल्या, फडकं काढलं, खुर्ची बाल्कनीत टाकली आणि प्रत्येक डब्याचं झाकण तळव्याने ठोकून ठोकून बसवलं. घरात आईच्या दुखण्याचा जेवढा म्हणून पुरावा होता, तेवढा मी पुसून चकचकीत केला.

मंगळवारी बाबांनी रजा घेतली. इस्त्रीचा शर्ट घातला आणि डावी बाही कोपराच्या वर दुमडून सोफ्यावर बसले. मी विचारलं बाही का. ते म्हणाले, असू दे, रक्त मागितलं तर तयार असावं. आई साडी नेसून बसली होती, तिची वेणी मी घातली होती. मी आईला परत परत सांगितलं, की आज जे जमत नाही तेच सांगायचं. इथे अपंगांना 'पीपल ऑफ डिटरमिनेशन' म्हणतात, निर्धाराची माणसं, हे तिला कुणीतरी सांगितलं होतं. ती म्हणाली, "मग निर्धार दाखवायला नको?"

हनान मॅडम दहाला आल्या. मूळच्या अम्मानच्या, पण इथे वीस वर्षं भारतीय शेजाऱ्यांत काढलेली, त्यामुळे हिंदी आमच्यापेक्षा बरं. बसल्या बसल्या त्यांची नजर आईच्या केसांकडे गेली.

"चोटी बहुत अच्छी है. खुद बनाई?"

"हां, खुद," आई म्हणाली.

वीस मिनिटं लागली होती मला! मी फाइल मांडीवर घट्ट धरली. मॅडमनी विचारलं झाडू-पोछा कोण करतं. आई म्हणाली मी. कपडे? मी. बाबांनी पुस्ती जोडली, "सब यही करती है, मॅडम. सव्वीस साल में कभी बीमार नहीं." (लग्नाला बावीस वर्षं झाली आहेत.) मी घसा साफ करून म्हणालो की खरं म्हणजे हे सगळं मी... तेवढ्यात आई मॅडमना म्हणाली, "मदद करता है कभी कभी. पढ़ाई में बिज़ी रहता है ना."

कभी कभी!

मग मॅडम स्वयंपाकघरात गेल्या. ओटा आरशासारखा चमकत होता. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मी खांद्यावरून वाचलं: व्हेरी क्लीन. आयुष्यात पहिल्यांदा सरकारने माझ्या कामाचं कौतुक केलं आणि ते आईच्या नावावर, मदत नाकारण्यासाठी. मी मग उभा राहून पाठ केलेलं इंग्रजी भाषण सुरू केलं. त्यात 'डिग्निटी' हा शब्द दोनदा होता. पहिल्याच डिग्निटीला मॅडम म्हणाल्या, "हबीबी, बैठो."

मी बसलो. मॅडमनी पेनाला टोपण लावलं. संपलं, असं मला वाटलं. परीक्षेला न बसलेला, पण वेणी घालता येणारा मुलगा, असं पुढचं आयुष्य मला दिसायला लागलं.

पण आमच्या घरातून पाहुणा रिकाम्या हाताने जात नाही. मॅडम म्हणाल्या की त्यांना भेट घ्यायला परवानगी नाही. आई म्हणाली ही भेट नाही, लाडू आहेत. (ते कुणी वळले होते ते विचारू नका.) ती ओट्यापाशी गेली, स्टीलचा डबा पुढे ओढला आणि झाकणाला हात घातला.

झाकण हललं नाही.

आईने डबा पोटाशी धरला आणि दोन्ही तळव्यांनी झाकण दाबून फिरवून पाहिलं. मग मनगटाने. मग कोपराने. तोंडाने ती मॅडमना विचारत होती की मुलं किती, कितवीत आहेत, आणि हसत होती. बाबा उठले आणि परत बसले. मीही उठलो आणि तिथेच थांबलो, कारण पुढे होऊन डबा उघडला असता तर आम्ही सगळे खोटे ठरलो असतो, आणि न उघडला तर आई तशीच उभी राहिली असती. मधे मधे तिच्या बांगड्या डब्यावर वाजत होत्या.

शेवटी आई माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, "सुजय, हे झाकण कुणी लावलं रे?"

"मी."

"इतकं घट्ट?"

हनान मॅडम पुढे आल्या. त्यांनी डबा बाजूला ठेवला, आईचा हात आपल्या हातात घेतला आणि बोटं बघितली. "कब से?" त्यांनी विचारलं.

आईने बाबांकडे पाहिलं. बाबांनी दुमडलेली बाही खाली केली. म्हणाले, "छह साल." मग थोडं थांबून, "मॅडम, इसके वीजा को कुछ होगा?"

मॅडम परत खुर्चीत बसल्या. "भाईसाहब, मैं मदद लिखने आई हूं. वीजा नहीं."

त्यानंतर बाबांना जे तोंड फुटलं ते अर्धा तास मिटलं नाही. सहा वर्षांचं एकदम! त्यांनी ड्रॉवरमधून नाड्या काढून आणल्या, मनगट कसं अडकवायचं ते करून दाखवलं, बाल्कनीतली खुर्ची ओढत आत आणली, आईच्या गोळ्या मांडल्या. उत्साहात स्वतःची पाठ आणि गुडघाही सांगायला लागले, तेव्हा आई म्हणाली, "तुमची पाठ कशाला मध्ये? अर्ज माझा आहे." माझ्या बत्तीस पानांच्या फाइलला कुणी हात लावला नाही. झाकणाने जे एका मिनिटात सांगितलं, ते मला फोटोंसकट जमलं नव्हतं, आणि झाकणाला जमलं तेही मी ते चुकीचं लावलं म्हणून.

मॅडमनी नवा फॉर्म काढला आणि प्रत्येक प्रश्न पुन्हा विचारला. आईने पहिल्यांदा 'नाही' म्हटलं तेव्हा तिचे डोळे भरले. पुढे पुढे तिला ते जमायला लागलं. शेवटच्या पानावर मॅडम थांबल्या आणि माझ्याकडे वळल्या. हे पान घरात सांभाळ करणाऱ्या माणसाचं होतं. कॉलेज, झोप, दमणूक. माझ्यासाठी आठवड्यात आणखी एक दिवस मिळू शकत होता.

"तुम बताओ. थकते हो? तुमको कुछ मदद चाहिए?"

सगळे माझ्याकडे बघत होते. समोर सरकारी कागद होता आणि त्यावर पेन टेकलेलं होतं. मी ताठ बसलो.

"नो, मॅम," मी म्हणालो. "आय अॅम फाइन."

मदत मंजूर झाली. बाथरूममध्ये दांडा बसला. दर मंगळवारी एक बाई येतात, आणि तेवढ्यावर माझी हजेरी काठावर आली. गुरुवारीही येणार होत्या, पण तो दिवस सांभाळ करणाऱ्याच्या नावावर होता आणि त्या रकान्यात 'फिट, गरज नाही' असं लिहिलेलं आहे. त्यामुळे गुरुवारी आठचा स्टॅटिस्टिक्सचा तास चालू असतो तेव्हा मी लादी पुसत असतो. ते मंजुरीचं पत्र बाबांनी व्हिसाच्या कागदांच्या फाइलमध्ये सगळ्यांत वर लावलं आहे. कुणी आलं की काढून दाखवतात. रक्त नाही, एक्सरे नाही, आणि पोरगा फिट.