तणसाचा बिनआवाजी रस्ता

पवनीत आम्ही भाड्याने राहत होतो, तेव्हा घराच्या पायरीपासून अकरा पावलांवर राईस मिलचा रस्ता होता. खडी आणि मुरूम, त्यावरून धानाची पोती भरलेल्या बैलगाड्या, आणि चाकांना लोखंडी धावा. सत्त्याहत्तरच्या डिसेंबरात मी एका सकाळी सात ते अकरा बसून मोजलं. सव्वीस गाड्या गेल्या.

मोजण्याचं कारण असं की बायको तीन महिन्यांच्या मुलीला घेऊन आसगावहून, म्हणजे माहेरून, नुकतीच परत आली होती. पोचवायला सासूबाई आल्या होत्या. सव्वीसपैकी एकोणीस गाड्यांना मुलगी दचकून उठली.

चौथ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "जवाईबापू, माय झोपली नाही त दूध कुठून येईन? रविवारी दोघीईले वापस नेतो. होळीपर्यंत."

होळीला साडेतीन महिने होते. आधीचे पाच महिने मी स्वतःच्या हातचं खाल्लं होतं.

रस्ता हलवता येत नव्हता, पण त्याच्यावर काहीतरी अंथरता येत होतं. मापासाठी मी खिडकीत पितळी गडवा ठेवला आणि त्यावर सैल झाकण. गाडी गेली की झाकण वाजे. ठोके मी वहीत लिहीत असे. उघड्या खडीवर सरासरी एकतीस. बारदान अंथरल्यावर एकोणीस, पण तिसऱ्या गाडीच्या चाकात एक पोतं गुंडाळलं गेलं आणि मिलपर्यंत पोचलं. धानाचा भुसा टाकल्यावर चौदा. तो वाऱ्याने दुपारी आमच्या वरणात आला.

"पोरगी गाडीनं नाही, तुमच्या झाकणानं उठून राहिली," बायको म्हणाली.

"झाकण काढलं तर आकडे कुठून आणू?"

"आकडे झोपवाचे हायेत का पोरगी?"

झाकण काढलं. शनिवारी पहाटे बावीस पावलं लांब आणि वीतभर जाड तणीस अंथरलं. धान झोडल्यावर उरलेला हा पेंढा आमच्याकडे मुबलक मिळतो. पहिली गाडी आली आणि आवाज खरोखर बंद झाला. गाडी थांबली होती.

"ओ घरधनी! कोनाचं तणीस सांडलं जी?"

"सांडलं नाही. मीच टाकलं."

"रस्त्यावर? काहून?"

"आवाज होऊ नये म्हणून."

"कायचा आवाज?" तो ओरडला. आत मुलगी उठली.

दुसऱ्याच्या तणसावर चाक घालायला एकही गाडीवान तयार होईना. प्रत्येक जण थांबून हाक मारी. शेवटच्याने तर सगळं गोळा करून आमच्या दाराशी नीट रचून दिलं. अकरापर्यंत चोवीस हाका झाल्या आणि मुलगी चोवीसही वेळा उठली.

रविवारी पहाटे मी तणीस पुन्हा पसरलं. साडेआठला मेहुणा बंडी घेऊन आला. ट्रंक चढली, मायलेकी बसल्या, सासूबाई बसल्या. मेहुण्याने कासरा झटकला. बैलांनी तणसात तोंड घातलं आणि पाय रोवले.

"उपाशी निघाले बिचारे," मेहुणा म्हणाला. "खाऊ द्या थोडं, भाऊजी. रस्ता चांगला केला तुमी."

रस्ता बंडीइतकाच रुंद होता. मागून मिलची एक गाडी आली, थबकली आणि तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, मिलकडे वळली. मागच्याही तिच्यामागे गेल्या. बंडीत मुलगी झोपली, मग बायको, मग सासूबाई. सासूबाई घोरत होत्या, पण त्या आवाजाला मुलगी उठत नव्हती. बैलांपुढचं संपत आलं की मी हळूच नवी पेंढी टाकत होतो. पावणेअकरापर्यंत नऊ पेंढ्या लागल्या.

बायकोने डोळे उघडले. "आलं का आसगाव?"

"आपल्याच दारात हावो, ताई," मेहुणा म्हणाला.

तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात दहावी पेंढी होती.

"ट्रंक उतरवा," ती म्हणाली. "आन बंडी राहू द्या इथंच."

"मंग मी धान कशात नेऊ? तुह्या पोरीच्या पाळण्यात?"

सासूबाईंनी डोळे न उघडता निकाल दिला. "शेजाऱ्याची बंडी माग. बैल घेऊन जाय."

मेहुणा कुरकुरत बैल हाकत पायी गेला. संक्रांतीपर्यंत बंडी आमच्या दारात उभी राहिली आणि मिलच्या गाड्या पाळीवरून गेल्या. तिसऱ्या दिवशी पाळीजवळच्या घरातले गृहस्थ लाल डोळ्यांनी माझ्याकडे आले आणि विचारू लागले, तणीस किती जाड टाकावं लागतं.