बुधवारची टोपली

दुफी मॅडम तेवीस वर्षं चौथीच्या मुलांना पाढ्यांबरोबर देणंही शिकवत आल्या. दर शुक्रवारी सकाळी त्या वर्गात सात वारांच्या सात टोपल्या मांडत. ज्या वारी जन्म, त्या वाराच्या टोपलीत मुलानं नाचत येऊन मूठभर मका किंवा साबणाची वडी टाकायची. मग ते सगळं चर्चच्या स्वयंपाकघरात जाई. तिथे गावातली सहा एकटी म्हातारी माणसं जेवत. महिन्यातून एकदा मुलं त्यांच्या शेजारी जाऊन बसत, कारण ज्याला द्यायचं त्याचं तोंड ठाऊक हवं, असं मॅडमचं म्हणणं.

एवढं सगळं चांगलं, पण बाईंना शर्यतीची खोड. कुठला वार पहिला आला ते त्या फळ्यावर लिहीत. मुलं चेवानं देतात, मग बिघडलं कुठे, असं त्या म्हणत.

त्या वर्षी वर्गात बुधवारचं मूल एकच होतं, आजीजवळ राहणारी अकुआ. चर्चच्या स्वयंपाकघरात ती म्हाताऱ्या नाना बोआतेंगच्या शेजारी बसे. तिची टोपली बहुधा रिकामीच असे. "बुधवार आज झोपलाय वाटतं," असं रविवारवाले हिणवायचे. एकदा मॅडमही हसल्या होत्या.

त्या शुक्रवारी अकुआनं घमेलंभर मका आणला, धुऊन वाळवलेला. मॅडमनी फळ्यावर बुधवार ठळक अक्षरांत लिहिला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पोरगी मात्र नाचली नाही.

शाळा सुटली तरी ती दारातच उभी.

"घरी नाही जायचं?"

"मॅडम, माझा मका नाना बोआतेंगना देणार?"

"त्यांनाच. आजच भाजून, दळून पेज करणार आहेत."

"नका देऊ." ती म्हणाली. "तो आजीच्या बियाण्याच्या मडक्यातला आहे. कीड लागू नये म्हणून पांढरी पावडर लावलेला. मी तीनदा धुतला, मॅडम. पण ते दाणे टिपून आमच्या दोन कोंबड्या मेल्या होत्या."

सगळ्यांचा मका एकाच पोत्यात मिसळून सकाळीच गेला होता.

"आजीला ठाऊक आहे?"

"नाही. कळलं तर शाळा सोडवून शेतावर नेईल."

स्वयंपाकीण मानसाचा फोन बंद. मॅडमनी रस्त्यात मोटरसायकलवाला अडवला आणि पोरीला मध्ये घेऊन बसल्या. बाजाराचा दिवस, रस्ताभर शेळ्या आणि हातगाड्या. "बाळा, चालव ना, वरातीला निघालायस का?" असं म्हणत त्यांनी त्याची पाठ बडवून काढली. वाटेत गिरणीपाशी थांबल्या, तर गिरणीवाला म्हणाला, "मका? तो तर केव्हाच दळून नेला."

स्वयंपाकघरापाशी पोहोचल्या तेव्हा मानसा वाडगे भरत होती. पहिला वाडगा नाना बोआतेंगच्या हातात होता आणि म्हातारा त्यावर फुंकर मारत होता. गाडी थांबायच्या आतच अकुआनं उडी टाकली, धावली आणि त्याच्या हातातून वाडगा ओढून घेतला. पेज तिच्या मनगटावर सांडली.

"दिलेलं परत घेतेस, पोरी?" म्हातारा चिडला.

"हो नाना. त्यात विष आहे. मीच आणलं."

कुणी घोटभरही प्यायलं नव्हतं. हे मॅडमनी प्रत्येकाला तीन तीनदा विचारलं, आणि मग त्या तिथेच जमिनीवर बसून रडल्या. त्यांना स्वतःची लाज वाटत होती.

पेज आणि उरलेलं पीठ खड्ड्यात पुरून, पोरीच्या मनगटाला मलम लावून त्या तिच्या घरी गेल्या. आजी अंगणात कसाव्याचे कंद सोलत होती. मॅडमनी सगळं सांगितलं. फळा सांगितला, हसणंही सांगितलं. "आजी, शिक्षा मला करा, पण हिची शाळा सोडवू नका."

आजीनं सुरी खाली ठेवली.

"कोंबड्या मेल्या तेव्हा मडकं हिनंच उघडं टाकलं होतं," ती म्हणाली. "माराच्या भीतीनं दोन दिवस कबूल झाली नाही. आज एका परक्या म्हाताऱ्यासाठी आपण होऊन बोलली. हे मी नाही शिकवलं, तुमच्या शाळेनं शिकवलं. शाळेत जाईल ती."

मॅडमनी आजीचे हात धरले.

"बियाणं चोरलं, त्याचा मार तिला बसेलच," आजी म्हणाली. "पण मॅडम, शर्यत लावणारीला कोण मारणार?"

पुढच्या शुक्रवारी वर्गात एकच टोपली होती, वर फडकं झाकलेली. फळा कोरा होता.