आक्कांचा नंबर

आक्का कुठल्याही ऑफिसात शिरल्या की पाण्याआधी नंबर मागायच्या. "पावणं, नेटवर्कचा नंबर सांगा की." पेठ वडगावच्या एका अडत दुकानात दिवाणजींनी लाजत लाजत स्वतःचा मोबाइल नंबर दिला. बाहेर पडल्यावर आक्का मला म्हणाल्या, "माणूस चांगला हाय. मागितलं ते दिलं."

कोल्हापुरात एका ऑडिटरच्या ऑफिसात आम्ही दोघी कामाला होतो. मी नवी, त्या जुन्या. त्यांचं माहेर निपाणीकडचं, म्हणून सगळ्यांच्या आक्का. नव्या शतकाच्या सुरुवातीला साहेबांनी एक लॅपटॉप घेतला आणि गावोगावचे हिशेब तपासायला तो आक्कांच्या हाती दिला. एसटीत त्या तो शालीत गुंडाळून मांडीवर घेऊन बसत. शेजारच्या बाईनं एकदा विचारलं, "बाळ किती महिन्याचं?"

तेव्हा प्रत्येक ऑफिसची वायर निराळी आणि रीतही निराळी. कसबा बावड्यातल्या सोसायटीत लॅपटॉपमध्ये एक नंबर भरावा लागे, वडगावात तो आपोआप मिळे, आजऱ्याच्या काजू कारखान्यात तिसराच. तो जुळला नाही तर तिथल्या कॉम्प्युटरमधले हिशेब आम्हाला दिसत नसत. आक्का लॅपटॉपला दटावायच्या, "काल कुठं गेलतो ते इसर आता." प्रत्येक ठिकाणची जुळणी त्यांनी वेगळी साठवली होती, पण गावाच्या नावानं नाही. 'शिंदे भाऊजी', 'मुल्लाभाई' अशी नावं. कारण विचारलं तर म्हणाल्या, "गाव कुठं चहा पाजतंय व्हय?"

आजऱ्याला एकदा गणपतीच्या तोंडावर गेलो. कारखान्याच्या नेटवर्कमध्ये काहीतरी बदल झाला होता आणि ते बघणारे मुल्लाभाई रजेवर. आक्कांनी अंदाजानं एक नंबर भरला. तो नेमका तिथल्या मुख्य कॉम्प्युटरचा निघाला. एका नंबरावर दोघं बसल्यावर सगळंच अडलं. कारकून पगारपत्रक करत होता, ते अर्ध्यावर उडालं. बाहेर काजू सोलणाऱ्या बाया पगारासाठी थांबलेल्या, सणाचा बाजार व्हायचा होता.

मालक तणतणत आले. मी हळूच म्हटलं, "आक्का, लाइट गेली होती म्हणून सांगू या."

"कशाला? पंखा फिरतोय की वर." त्यांनी लॅपटॉपची वायर उपसली आणि मालकांना म्हणाल्या, "चूक माझी हाय. मुख्य मशीन बंद करून चालू करा. तवर मी बायांस्नी सांगून येतो." बाहेर जाऊन त्या मोठ्यानं म्हणाल्या, "माझ्यामुळं थांबलाय तुमचा पगार. तुमच्या आधी मी घरला जात न्हाय."

एक म्हातारी म्हणाली, "मग बस की हितं. शेंगा खा."

आक्का आत आल्या. मला हजेरी वाचायला लावली आणि कारकुनाला बाजूला सारून स्वतः पगारपत्रक भरत बसल्या. संध्याकाळी पगार झाले, तोवर बायांची एसटी गेली होती. आक्का मालकांपुढं उभ्या राहिल्या. "टेंपो हाय न्हवं तुमचा?" मालकांनी किल्ली काढून दिली. शेवटची बाई चढेपर्यंत आक्का फाटकात उभ्या होत्या. मग आमच्या लक्षात आलं, आपलीही एसटी गेली. त्याच टेंपोत बायांच्या मध्ये बसून आम्ही गडहिंग्लजपर्यंत आलो. आक्का वाटेत गाणी म्हणत होत्या, त्यातली निम्मी कन्नड.

पुढं त्या लेकीकडं गोकाकला राहायला गेल्या. लॅपटॉप माझ्याकडं आला. आजऱ्याला एकटी गेले तेव्हा मुल्लाभाईंना नंबर मागितला. त्यांनी कॉम्प्युटरवर कारखान्याचे सगळे नंबर दाखवले. प्रत्येकापुढं एकेका मशीनचं नाव होतं, एकापुढं मात्र 'आक्का'.

"मालकांनीच ठेवायला सांगितलंय," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाला द्यायचा न्हाय."

मी तिथूनच आक्कांना फोन लावला. नंबराचं सांगितलं.

"रिकामी जागा कशाला ठिवायची गं?" त्या म्हणाल्या. "तू बस की तिथं."

फोनमधला आवाज ऐकून मुल्लाभाईंनी मान डोलावली. मी तो नंबर भरला.