कोमट पाणी

आमच्या अभयारण्यातल्या मोठ्या धबधब्याकडे पाठ करून बसणारा एकच माणूस मी पाहिला. बाकी सगळी माणसं माना वर करून, मोबाइल उंचावून धार बघायची. तुळशीरामकाका मात्र डोहाच्या काठावर, ठरलेल्या दगडावर पाठमोरे बसायचे, उजवा हात मनगटापर्यंत पाण्यात सोडून. मी तिथे वनरक्षक म्हणून नवीनच रुजू झाले होते. मला वाटलं, म्हातारा डुलक्या काढतोय. तसं तोंडावर बोललेही. नांदुऱ्याहून आलेली चोवीस वर्षांची पोर, अंगावर कोरी वर्दी, मग जीभ सैल सुटायला काय लागतं!

काका हसले. "झोपलो नाही मॅडम. पान्याची नाडी पाहून राह्यलो."

ते वनमजूर होते, पायथ्याच्या गावचे. उन्हाळ्यात आमचा सातपुडा करपून जातो, सागाची पानं पायाखाली खडखडतात. पण धारेच्या घळीत बारा महिने ओल असते. शेवाळ, नेचे, दुपारी अंधार करणारी उंबरं. हा ओला तुकडा जपण्यासाठीच अभयारण्य झालं, असं साहेब पाहुण्यांना सांगायचे. काका मला हळूच म्हणायचे, "जंगल तुमी राखा. मी मानसं राखतो."

नाडी म्हणजे काय, ते मला त्याच पावसाळ्यात कळलं. धारेचं पाणी झऱ्याचं, गारढोण. पावसाने उघडीप दिली की वरचा काळा खडक तापतो. मग दूर पठारावर सर आली, की ते पाणी तापल्या खडकावरून धावत खाली येतं. आधी थोडंसंच येतं, स्वच्छ, पण कोमट. लोंढा त्याच्या मागून. "गढूय दिसलं म्हंजे उशीर झाला," काका सांगायचे. "डोयाले मांगून समजते, हाताले आधी."

एकदा लख्ख ऊन असताना त्यांनी शिटी वाजवली. लोक कुरकुरत बाहेर आले. पाव तासात त्याच डोहात अख्खं झाड गरगरत होतं. त्या दिवसापासून ते माझे काका झाले आणि मी त्यांची ताई.

पुढच्या वर्षी मात्र शिटी तीनदा फुकट गेली. सर वाटेतच जिरली असेल, किंवा उन्हानेच पाणी तापलं असेल. काकांना त्याचं काही वाटायचं नाही. "फुकट गेली तं गेली. मानसं घरी गेले ना?" पण तिसऱ्या वेळी एका टोळक्याने आरडाओरडा केला, म्हातारा पिऊन आलाय म्हणून चित्रफीत फिरवली, वर तक्रार केली. साहेबांनी मला तोंडी सांगितलं, पाणी डोळ्यांनी गढूळ दिसल्याशिवाय शिटी वाजता कामा नये. मी ते काकांना सांगितलं.

"अन् मले हाताले समजलं तं?"

"तर आधी मला विचारायचं."

हे शेवटचं साहेबांचं नव्हतं. ते माझं होतं.

दोनच रविवारांनी, भर दुपारी, मी फाटकावर लोकांच्या पिशव्या तपासत होते. डोहापासून फाटकापर्यंत दहा मिनिटांची चढण, आणि घळीत फोन लागत नाही. काका धापा टाकत वर आले. ओला हात पुढे धरलेला.

"ताई, कोमट लागून राह्यलं. वाजवू काय शिटी?"

"गढूळ झालंय का?"

"नाही."

"मग थांबा की काका. परत तक्रार गेली तर दोघांचीही गोची."

त्यांनी तो हात माझ्या मनगटावर ठेवला. "पाहा." चढून येईपर्यंत हात सुकत आला होता. मला लागला तो एका म्हाताऱ्या माणसाचा नेहमीचा ऊबदार हात. मी नकारार्थी मान हलवली. ते वळले.

खाली जाऊन त्यांनी शिटी न वाजवता एकेकाला हाताला धरून काठावर आणलं. बहुतेक सगळे आले. धामणगाव बढ्याचा एक नवा नवरा मधल्या खडकावर उभा राहून काठावरच्या बायकोचे फोटो काढत होता. "आलो, आलो," म्हणत होता. फाटकावर मला शिटी ऐकू आली, आणि तिच्यामागोमाग लोंढ्याचा आवाज. तो मुलगा दुसऱ्या दिवशी खालच्या वळणावर सापडला. तोवर त्याची बायको दोघांच्याही चपला मांडीवर घेऊन बसून होती.

चौकशीत काकांना माझ्यासमोर विचारलं, शिटी उशिरा का वाजवली? मी जमिनीकडे बघत होते. मी बोलणारच होते, असं पुष्कळदा स्वतःला सांगून पाहिलं. खरं तसं नाही. मी बोलणार नव्हते.

"डुलकी लागली व्हती साहेब," काका म्हणाले.

त्यांना कामावरून काढलं. मी त्यांच्या घरी गेले तेव्हा ते ओट्यावर बसले होते. "काऊन खोटं बोललात?" त्यांच्याच बोलीत माझ्या तोंडून निघालं.

"तुमची नवकरी नवी हाय. माही सुटाच्याच मार्गाले व्हती." मग त्यांनी स्वतःचा तळवा उलगडून पाहिला. "पन ताई, तुमाले विचाराले वर आलो, हे माहंच चुकलं. हात माहा व्हता. त्यात विचारासारखं काय व्हतं?"

त्याच हिवाळ्यात ते गेले. शेवटी शेवटी अंघोळीच्या पाण्यात हात घालायलाही घाबरायचे, असं काकू म्हणाल्या.

आता त्या दगडावर मी बसते, धारेकडे पाठ करून. माझ्याही शिट्या फुकट जातात, तक्रारी होतात. मी कुणाला विचारत नाही. एवढं शिकले. पण लोंढ्याची गोष्ट फाटकावर अजून सांगितली जाते, आणि ती सांगताना माझं नाव कुणी घेत नाही. परवा नव्याने रुजू झालेल्या वनरक्षक मुलीने दगडाकडे बोट दाखवून विचारलं, "मॅडम, तो मजूर झोपला होता, तो इथेच का?"

माझा हात पाण्यात होता. पाणी गार होतं.

"हो," मी म्हणाले. "इथेच."