कागदावर वारलेल्या काकांची मुलगी

ब्योन तोक-सूला दोन वडील होते आणि त्यांपैकी एकाचा चेहराही त्याला आठवत नव्हता.

पहिले वडील जन्मदाते. दुसरे कागदावरचे: जन्मदात्यांचे धाकटे भाऊ ह्योन-गू, जे १९३८ साली भातशेतीला जमीन मिळते म्हणून मांचुरियात गेले. दोन वर्षे पत्रे आली, मग थांबली. पुढे युद्धे झाली, सरहद्दी बंद झाल्या. १९५४ सालच्या शरदात तोक-सूच्या आजीने अन्न सोडले. “माझं पोर तिकडं उपाशी फिरतंय आणि मी इथं भात गिळू?” एवढेच ती म्हणे. मुलगा मेला, याबद्दल तिला शंका नव्हती. त्याला कुणी पान वाढत नाही, याचे तिला दुःख होते.

ज्याची मृत्युतिथी ठाऊक नाही, त्याला नवव्या महिन्याच्या नवमीला जेवू घालण्याची त्या मुलखात रीत आहे. तेव्हा घराण्याची वंशावळ सांभाळणारे चुलते इन-सिक यांनी कचेरीत लिहून दिले की ब्योन ह्योन-गू अविवाहित असताना १९४१ साली, नवव्या महिन्याच्या नवमीला वारले. साल आजीच्या स्वप्नातून आले होते, तिथी रिवाजातून. आता पान वाढायचे म्हणजे मुलगा हवा. म्हणून अठरा वर्षांचा तोक-सू, घरातला दुसरा मुलगा, या मृत काकांना दत्तक दिला गेला. आजी त्या संध्याकाळी दोन वाडगे भात जेवली.

तेव्हापासून एकोणचाळीस वर्षे तोक-सू दर नवमीला या न आठवणाऱ्या वडिलांपुढे मद्याचा पेला ठेवून वाकत आला. तो आन्दोंग शहराच्या वेशीवर, सरकारी कचेरीसमोरच्या टपरीत शिक्के कोरत असे. त्या देशात शिक्क्यावाचून लग्न लागत नाही आणि घरही विकले जात नाही. त्यामुळे कागदावर उमटलेली गोष्ट खरी, असे मानण्याची त्याला सवय जडली होती. १९९३च्या फेब्रुवारीत आलेल्या एका पत्राने ती मोडली.

पत्र चीनमधल्या येनब्येनहून होते. “माझे वडील ब्योन ह्योन-गू १९८७च्या मार्चमध्ये वारले. शेवटपर्यंत गावाचं नाव घेत होते. मी त्यांची एकुलती मुलगी ओक-नान. नवरा गेला, मूल नाही. बाजारात टोफू विकते. बाबांच्या गावात येऊन राहावं अशी इच्छा आहे. तिथं माझं कोणी आहे का?”

तोक-सूने पत्र तीनदा वाचले आणि बायकोला हाक मारली. “बुन-ये, माझे वडील सहा वर्षांपूर्वी वारले.”

“तुमचे वडील पंधरा वर्षांपूर्वी वारले.”

“ते नव्हेत. दुसरे.”

बुन-येने हातातले लसूण खाली ठेवले. “अहो, पण त्यांना तर आपण किती वर्षं जेवू घालतोय!”

निमंत्रणाचे कागद जमवायला पाच महिने लागले. जुलैच्या वीस तारखेला ओक-नान बसमधून उतरली. सत्तेचाळीस वर्षांची, रुंद खांद्यांची, दोन्ही हातांत गाठोडी. तिची भाषा ऐकून फाट्यावरच्या दुकानातल्या पोरी खुदकन हसल्या. तोक-सूची आजी बोले तसे शब्द ती बोलत होती. या गावातून ते केव्हाच गेले होते, तिकडे मात्र टिकले होते.

“दादा तुम्हीच ना? मला सांगा, तुम्ही माझे नेमके कोण लागता?”

“रक्तानं चुलत,” तोक-सूने विचार करून सांगितले. “कागदावर सख्खा.”

घरी जेवताना त्याने नवमीची हकीकत कबूल केली. ओक-नान हसता हसता चमचा टाकून मागे रेलली. “तेहेतीस वर्षं जिवंत माणसाला श्राद्धाचं जेवण! तरीच बाबांचं दर शरदात पोट बिघडायचं. आई बिचारी मुळ्याला दोष द्यायची!”

“आमच्याकडचं जेवण काही वाईट नसतं,” बुन-ये म्हणाली.

“वहिनी, वाईट कोण म्हणतंय? दोन ठिकाणी जेवलेला माणूस तो!”

तिच्या राहण्याची मुदत तीन महिन्यांची होती. वीस ऑक्टोबरच्या आत नाते सिद्ध झाले तर कायमचे राहता येणार होते. नाही झाले तर परत जावे लागणार होते आणि पुन्हा येणे जवळजवळ अशक्य होते. येण्यासाठी तिने घर आणि टोफूचे दगडी जाते दोन्ही विकले होते.

कचेरीतल्या तरुण अधिकारी बाईंनी कागद उलटसुलट पाहिले. त्या अदबीने बोलत होत्या आणि त्यांचा मुद्दा बिनतोड होता.

“काका, १९४१ साली अविवाहित वारलेल्या गृहस्थांना १९४६ साली मुलगी कशी झाली?”

“ते वारले नव्हते.”

“नोंद तर तशी आहे. आणि वारले नसतील, तर तुम्ही त्यांचे दत्तक पुत्र कसे?”

शेवटी बाईंनीच वाट सांगितली. मृत्यूची खबर ज्यांनी दिली ते गृहस्थ हयात असतील, तर त्यांनी समक्ष येऊन खबर चुकीची होती आणि ही बाई त्याच घरची आहे, असे शिक्क्यानिशी लिहून द्यावे.

इन-सिक आबा हयात होते. एकोणऐंशीव्या वर्षीही ते घोड्याच्या केसांची उंच टोपी घातल्याशिवाय पाहुण्यांसमोर येत नसत. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “म्हणजे मी सरकारात जाऊन सांगू, की मी खोटारडा आहे?”

“खोटारडा नाही आबा, चुकलात एवढंच.”

“एकच झालं. अठ्ठ्याहत्तर सालची वंशावळ छापून दोनशे घरांत गेलीय. ‘ह्योन-गू, निःसंतान, दत्तक तोक-सू.’ ती काय खोडरबरानं पुसायची?” मग ते आवाज उतरवून म्हणाले, “आणि ही बाई ह्योन-गूचीच कशावरून? त्याचे कागद हाती लागलेली कुणी शेजारीण नसेल कशावरून?”

हा प्रश्न तोक-सूलाही दोन-तीनदा पडलेला होता. पुरावा म्हणून तिच्याजवळ वडिलांचा एक फोटो होता, आणि त्यातल्या माणसाचा तरुणपणीचा एकही फोटो या घरात नव्हता. शंका अन्यायाची नव्हती म्हणूनच तिचा त्याला राग आला.

“मग काय करायचं म्हणता?”

“शरद पौर्णिमेला आजोबांचं पान तिनं मांडायचं.”

“बाईमाणसानं?”

“मी सांगतो म्हणून. हवं तर आधी सगळं शिकव. मला काय बघायचंय ते मला ठाऊक आहे.”

तोक-सूने शिकवण्यात कसूर केली नाही. दोन आठवडे टपरीतल्या कोऱ्या कागदांवर त्याने नकाशे काढले. मासे पूर्वेला, मांस पश्चिमेला; तांबडी फळे इकडे, पांढरी तिकडे; पीच कधीच नाही. ओक-नान टोफू विकणारीच्या झपाट्याने पाठ करी आणि मधूनच विचारी, “दादा, ऑक्टोपसचं तोंड कुठं ठेवायचं? आमच्याकडं समुद्रच नव्हता, बाबा सुकवलेलं वांगं ठेवायचे. म्हणायचे, वडील समजून घेतील.”

“हे आबांपुढं बोलू नकोस.”

पौर्णिमेच्या सकाळी घरातली पंधरा माणसे हातपाय धुऊन ओसरीवर जमली. आबा टोपी घालून पडद्याजवळ बसले. ओक-नानने पाठीला ताण देत एकेक ताट उचलले. फळांची ओळ चुकली नाही. खारवलेला बांगडा पूर्वेला गेला. पाइनच्या पानांवर उकडलेल्या तांदळाच्या चंद्रकोरी करंज्या कणसासारख्या एकावर एक रचल्या गेल्या. तोक-सूने तासाभरात पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

मग तिने आजोबांच्या पानाकडे पाहिले, जरा थबकली, आणि चमचा व काड्या उचलून डाव्या हाताला ठेवल्या. रश्शाचे वाडगेही पलीकडे सरकवले.

तोक-सूच्या कपाळाला घाम आला. शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली गोष्ट! त्या मुलखात डाव्या हाताने जेवणाऱ्या पोराच्या हातावर चमच्याने फटका बसतो, आणि ही पितरांच्या पानात चमचा डावीकडे ठेवते! तो खाकरला. तिने पाहिले नाही. पुन्हा खाकरला.

“तोक-सू, घसा धरला असेल तर बाहेर जा,” आबा म्हणाले. मग ओक-नानकडे वळून त्यांनी विचारले, “मुली, चमचा तिथं का?”

“मग कुठं ठेवणार? आजोबा डावखुरे होते ना!” तिने गोंधळून सगळ्यांकडे पाहिले. “दादा, तुम्ही चमच्याचं काही सांगितलंच नाहीत. म्हटलं, हे तर घरात सगळ्यांना ठाऊक असणार.”

घरात कुणालाच ठाऊक नव्हते. सत्तावन्न वर्षांच्या तोक-सूने आपले आजोबा डावखुरे असल्याचे तेव्हा प्रथम ऐकले.

आबांनी टोपीची नाडी सैल केली. “काका दार लावून डाव्या हातानं जेवायचे. ते गेले, आणि तोक-सू, तुझ्या बापानं पहिल्याच वर्षी चमचा उजवीकडं ठेवला. म्हणाला, लोक हसतील. ह्योन-गू त्याच्याशी भांडला. म्हणाला, निदान मेल्यावर तरी वडिलांना त्यांच्या हातानं जेवू द्या. भर ओसरीवर भांडण झालं. दोन वर्षं भाऊ भावाशी बोलला नाही, आणि तिसऱ्या वर्षी तो निघून गेला. हे बघणारा आता मी एकटाच उरलोय. कुणाला सांगितलं नाही. घरची गोष्ट.” त्यांनी ओक-नानकडे पाहिले आणि ओरडले, “उभी काय राहिलीस? पेला भर! वडील माणूस वाट बघतोय.”

सणाची सुट्टी संपताच आबा कचेरीत हजर झाले. अधिकारी बाईंच्या टेबलावर दोन्ही हात टेकून त्यांनी, मागच्या बाकांवरच्या लोकांनाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले, “त्याला मी मारलं.”

बाईंनी पेन खाली ठेवले. बाकावरची एक म्हातारी उठून दाराशी गेली.

“कागदावर, हो, कागदावर!” तोक-सूने घाईने खुलासा केला.

जबाब तीन पाने झाला. आजीचे स्वप्न, नवमीचा रिवाज, चमच्यावरून झालेले भांडण, आबांनी काही गाळले नाही. बाई मूळच्या शेजारच्याच जिल्ह्यातल्या. नवमीचा उल्लेख येताच त्यांनी मान हलवली. “आमच्या पणजोबांचीही हीच तारीख आहे,” त्या म्हणाल्या. पुढे फोटो, चिनी दाखले आणि जबाब यांची छाननी झाली. सोळा ऑक्टोबरला ओक-नानच्या हाती कायम राहण्याची परवानगी पडली. तिने ती घडी न घालता, दोन्ही हातांनी पुढे धरून घरापर्यंत आणली.

“काका, एक गोष्ट,” बाई तोक-सूला म्हणाल्या होत्या. “तुमच्या काकांचा १९४१चा मृत्यू रद्द, म्हणजे तुमचं दत्तकपणही रद्द. चालेल ना?”

“चालेल,” तोक-सू म्हणाला खरे, पण रस्ता ओलांडून टपरीपर्यंत येईतो त्याला उगीच पोरके झाल्यासारखे वाटले.

वंशावळीचे काम उरले. पुढच्या रविवारी आबांनी जाड ग्रंथ मांडीवर घेतला, शाई उगाळली आणि ‘निःसंतान, दत्तक तोक-सू’ या शब्दांवर सरळ रेघ ओढली. मग विचारले, “नवऱ्याचं नाव काय होतं तुझ्या?”

“का?” ओक-नानने विचारले.

“मुलीच्या जागी जावयाचं नाव लिहायची रीत आहे.”

“वा! वीस वर्षं तो माणूस बुद्धिबळ खेळत बसला. गाठोडी मी उचलली, पान मी मांडलं, आणि वंशावळीत तो?”

“रीत आहे, मुली.”

“आबा,” तोक-सू हळूच म्हणाला, “जिवंत माणसाला मारायची तरी कुठं रीत होती?”

पदर नसल्याने बुन-ये तोंडाला हात लावून हसली. आबांनी कुंचला शाईत बुडवला. खोडलेल्या शब्दांशेजारी बोटभर कोरी जागा होती. त्यांनी कुंचला टेकवला आणि तिथे लिहिले: ‘कन्या ओक-नान.’

“सुकेपर्यंत हात लावू नका,” ते म्हणाले, आणि त्यांनी दुसऱ्या घरची प्रत पुढे ओढली.